बी-साइडचा हिशेब : 'टेन्टेड लव्ह' नक्की कुणाचं?

आजच्या भागात एकच गाणं आहे, पण ते दोनदा जन्माला आलेलं आहे. पहिल्यांदा १९६५ मध्ये अमेरिकेत, तेव्हा त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. दुसऱ्यांदा १९८१ मध्ये इंग्लंडमध्ये, तेव्हा ते थेट एक नंबरवर गेलं. गाण्याचं नाव 'टेन्टेड लव्ह', म्हणजे डागाळलेलं प्रेम. सुरुवातीचा तो इलेक्ट्रॉनिक 'टिंक-टिंक' तुम्ही कुठल्या ना कुठल्या रीलवर ऐकला असणार.

आता माझा प्रश्न असा, की हे गाणं गाजलं तेव्हा पैसे कुणाला मिळाले? जिने पहिल्यांदा गायलं तिला? ज्यांनी गाजवलं त्यांना? उत्तर ऐकून मला तरी गंमत वाटली होती आणि थोडा रागही आला होता. चला, सुरुवातीपासून बघू.

गाणं लिहिलं एड कॉब या अमेरिकन गीतकाराने. तो आधी 'फोर प्रेप्स' नावाच्या गायक-चौकडीत होता, नंतर निर्माता झाला. त्याने हे गाणं ग्लोरिया जोन्स या तरुण कृष्णवर्णीय गायिकेकडून गाऊन घेतलं. ढोल, ब्रास आणि वर तिचा कडक आवाज, एकदम धावतं गाणं. पण रेकॉर्ड निघाली तेव्हा ते बी-साइडला टाकलं गेलं.

बी-साइड म्हणजे काय, हे आधी सांगतो, कारण आजची सगळी गोष्ट त्याच्यावरच फिरते. तेव्हा गाणी छोट्या तबकडीवर विकली जायची. एका बाजूला हिट व्हावं अशी अपेक्षा असलेलं गाणं, ती ए-साइड. तबकडीची दुसरी बाजू रिकामी कशी ठेवायची, म्हणून तिथे आणखी एक गाणं, ती बी-साइड. ग्लोरियाची ए-साइडही चालली नाही, मग बी-साइडला कोण विचारतो? विषय संपला.

संपला असता, पण उत्तर इंग्लंडमधल्या नाचणाऱ्या पोरांनी तो संपू दिला नाही.

मँचेस्टर, विगन हा सगळा गिरण्या, खाणी आणि कारखान्यांचा पट्टा. तिथल्या कामगार घरांतल्या तरुणांना एक विचित्र नाद लागला होता. त्यांना अमेरिकन सोल संगीत हवं होतं, पण गाजलेलं नको. पडलेलं, विसरलेलं, गोदामात धूळ खात असलेलं हवं. जितकी रेकॉर्ड दुर्मीळ, तितका तिचा भाव जास्त. या प्रकाराला नाव पडलं 'नॉर्दर्न सोल'. १९७३ मध्ये सुरू झालेला विगन कसिनो हा त्यांचा सगळ्यात प्रसिद्ध अड्डा. नाव कसिनो असलं तरी तिथे जुगार नव्हता, होता तो भलामोठा लाकडी डान्स फ्लोअर. मध्यरात्र उलटली की सुरू आणि सकाळी बंद. दारू मिळायची नाही. पाय सरकावेत म्हणून फ्लोअरवर टाल्कम पावडर टाकायचे, आपण कॅरम बोर्डवर टाकतो ना, अगदी तशी.

इथल्या डीजेंमध्येही चुरस होती. आपल्याकडची रेकॉर्ड दुसऱ्याला सापडू नये म्हणून ते लेबलवर कागद चिकटवायचे, गायकाचं खोटं नाव सांगायचे. म्हणजे फ्लोअर दणाणून सोडणाऱ्या कलाकाराचं खरं नावच कधीकधी नाचणाऱ्यांना माहीत नसायचं.

यातलाच एक डीजे रिचर्ड सर्लिंग. १९७३ मध्ये तो अमेरिकेला गेला, तेव्हा त्याला ग्लोरियाची ती पडलेली रेकॉर्ड मिळाली. त्याने ती इंग्लंडात आणून वाजवली आणि फ्लोअर भरला. आठ वर्षं मेलेली बी-साइड उठून नाचायला लागली. ग्लोरियाने १९७६ मध्ये तेच गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं. निर्माता होता तिचा जोडीदार, 'टी. रेक्स' बँडचा मार्क बोलन. तरीही चार्टवर काहीच नाही. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९७७ मध्ये, लंडनमध्ये गाडीचा अपघात झाला. गाडी ग्लोरिया चालवत होती. बोलन जागीच गेला, ती स्वतः गंभीर जखमी झाली.

आता दुसरा जन्म. लीड्सच्या पॉलिटेक्निकमध्ये दोन आर्टचे विद्यार्थी भेटले, मार्क ऑल्मंड आणि डेव्ह बॉल. एक गायक, दुसरा सिंथेसायझरवाला. बँडचं नाव 'सॉफ्ट सेल'. डेव्ह ब्लॅकपूलचा, त्यामुळे नॉर्दर्न सोल त्याच्या कानात लहानपणापासून बसलेलं. त्यांचं आधीचं सिंगल काही विशेष चाललं नव्हतं. म्हणजे पुढचं गाणं चाललं नाही तर गाशा गुंडाळायची पाळी.

निर्माता माईक थॉर्नबरोबर त्यांनी 'टेन्टेड लव्ह' घेतलं आणि पार उलटंपालटं केलं. वेग कमी केला, पट्टी खाली आणली. ढोल आणि ब्रास काढून यंत्रं बसवली. ग्लोरियाच्या आवाजात संताप होता, ऑल्मंडच्या आवाजात थंडगार हताशपणा आला. शब्द तेच, पण माणूस बदलला. सप्टेंबर १९८१ मध्ये गाणं ब्रिटनमध्ये एक नंबरला पोहोचलं. अमेरिकेत ते आठव्या नंबरपर्यंतच गेलं, पण पहिल्या शंभरांत तब्बल ४३ आठवडे राहिलं. त्या काळचा तो विक्रम होता.

आणि आता हिशेब. नीट ऐका.

प्रत्येक गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे शब्द आणि चाल, दुसरी म्हणजे रेकॉर्डिंग. कव्हर केलं की रेकॉर्डिंग नवं होतं, पण शब्द आणि चाल जुन्या मालकाचीच राहते. त्यामुळे सॉफ्ट सेलच्या रेकॉर्डवर लेखनाची रॉयल्टी एड कॉबच्या बाजूला. ग्लोरियाने गाणं लिहिलेलं नव्हतं आणि या रेकॉर्डवर तिचा आवाजही नव्हता. म्हणजे कायद्याने तिचा वाटा शून्य.

आणि सॉफ्ट सेल? एक तबकडी विकली की दोन्ही बाजूंच्या गाण्यांना लेखनाची रॉयल्टी मिळायची. लोक ए-साइडसाठी विकत घेत, पण बी-साइडचा लेखकही फुकटात कमवून जायचा. म्हणून कव्हर गाणाऱ्या बँडची साधी युक्ती असायची, बी-साइडला स्वतःचं गाणं टाकायचं. या दोघांनी काय केलं? बी-साइडलाही कव्हरच टाकलं, सुप्रीम्सचं १९६४ चं गाजलेलं 'व्हेअर डिड अवर लव्ह गो'. डान्स क्लबसाठी काढलेल्या मोठ्या तबकडीवर तर दोन्ही गाणी एकमेकांत मिसळून जवळजवळ नऊ मिनिटांचा सुंदर तुकडा केला. कानाला मेजवानी, पण लेखनाची एक पैसुद्धा घरात नाही. रेकॉर्डिंगचा वाटा त्यांना होता, पण लेखनाचा दोन्ही बाजूंनी गेला.

२००६ मध्ये रिहानाच्या 'एसओएस' मध्ये सॉफ्ट सेलच्याच रेकॉर्डिंगचा तुकडा वापरला गेला. गाणं अमेरिकेत एक नंबर. गीतकारांच्या यादीत नाव कुणाचं? एड कॉबचं. तो १९९९ मध्येच गेला होता.

मला यात एड कॉब खलनायक वाटत नाही. त्याने गाणं लिहिलं, त्याला पैसे मिळायलाच हवेत. पण पडलेलं गाणं सोळा वर्षं जिवंत कुणी ठेवलं? आधी एका बाईच्या गळ्याने, मग पावडर टाकलेल्या फ्लोअरवरच्या पायांनी. हिशेबाच्या वहीत गळ्याला आणि पायाला रकानाच नाही.

हे भांडण आपल्याला नवीन नाही. १९६० च्या दशकात लताबाईंनी हाच मुद्दा लावून धरला होता, की गायकालाही रॉयल्टी मिळाली पाहिजे. रफीसाहेबांचं मत उलटं, एकदा मानधन घेतलं की विषय संपला. त्यावरून दोघांनी काही वर्षं एकत्र गाणं बंद केलं होतं. पुढे २०१२ च्या दुरुस्तीने भारतीय कायद्यात गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला, गायकांचा हक्कही आला. पण तो स्वतःच्या रेकॉर्डिंगपुरता. पहिलं रेकॉर्डिंग झालं ते वर्ष संपल्यावर आणखी पाच वर्षं गेली, की ठरलेली रॉयल्टी भरून आपल्याकडेही कव्हर काढता येतं. ती रॉयल्टी जाते शब्द आणि चालीच्या मालकाकडे. पहिल्या गळ्याला त्यातलं काही नाही.

तुमच्यापैकी बरेच जण घरी कव्हर गाता, डान्स व्हिडिओ टाकता, हे मला मेसेजवरून कळतं. जरूर टाका. फक्त मूळ गायकाचं नाव शोधा आणि ते कॅप्शनमध्ये लिहा. त्याने कुणाच्या खात्यात पैसे जाणार नाहीत, पण लेबलवर चिकटवलेला कागद तरी निघेल.

आणि आज रात्री आधी ग्लोरियाचं ऐका, मग सॉफ्ट सेलचं. कुठलं जास्त आवडलं, मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!