‘रमेज’ : झडतीच्या एका शब्दाची कुळकथा

मुंबईच्या कस्टम्स खात्यांत एक शाखा आहे. तिच्या नांवांतील पहिलाच शब्द ‘रमेजिंग’ असा आहे. १९६२ च्या कस्टम्स कायद्याच्या १०६ व्या कलमांतहि तोच शब्द आढळतो. जहाज थांबवून त्याचा कोणताहि भाग ‘रमेज’ करण्याचा व त्याची झडती घेण्याचा अधिकार त्या कलमानें अधिकाऱ्यास दिला आहे. झडतीचा शब्द शेजारींच असतां हा दुसरा कशाला, अशी शंका वाचणारास सहज यावी. कायदा शब्द वायां घालवीत नाहीं असें म्हणतात. तें नेहमींच खरें नसतें. येथें मात्र त्या शब्दाला स्वतःची जागा आहे, आणि ती जहाजाच्या पोटांत आहे.

सोळाव्या शतकांत इंग्रजांनीं हा शब्द फ्रेंचांकडून घेतला. फ्रेंच भाषेंत ‘अर्रुमाज’ म्हणजे जहाजाच्या पोटांत माल रचणें. हें काम वाटतें तेवढें हमालीचें नव्हे. जड माल तळाशीं, हलका वर, पिंपें अशीं बसवावयाचीं कीं लाटेबरोबर तीं गडगडूं नयेत; भार एका अंगास गेला तर भर समुद्रांत जहाज कलतें. मुळाशीं ‘जागा’ या अर्थाचा जर्मन कुळांतला शब्द असावा, असें भाषापंडित मानतात. खोलीला इंग्रजींत ‘रूम’ म्हणतात, तो याचाच भाऊबंद.

म्हणजे प्रारंभीं या शब्दाचा अर्थ शोधणें नव्हताच, रचणें हा होता! पण रचलेल्या मालांत कांहीं दडविलें आहे कीं काय हें पाहावयाचें, तर सर्व रास हलवावी लागते. सतराव्या शतकाच्या आरंभापासून जहाजाची कसून झडती घेणें असा अर्थ रूढ झाला, आणि पुढें शब्द किनाऱ्यावर उतरून घरांत शिरला. आज किल्ली सांपडेना म्हणून कपाट उपसणाराहि ‘रमेज’च करीत असतो. गोदींत पडून राहिलेल्या बेवारशी मालाच्या विक्रीला एकोणिसाव्या शतकांत ‘रमेज सेल’ म्हणत. जुन्यापुराण्या वस्तूंच्या विक्रीस तें नांव मागाहून मिळालें.

आपल्या ‘झडती’ची चाल निराळी. तिचें नातें झाडण्याशीं आहे : अंगरखा झाडला कीं लपविलेलें खालीं पडतें. पेशवे दफ्तरांत तर ‘झडती’ हें हिशेबाच्या कागदांचेंहि नांव आहे. हे कागद ज्या रुमालांत बांधलेले असत, त्या ‘रुमाल’ शब्दाशीं ‘रमेज’चा कांहीं संबंध नाहीं. तो फारशी, तोंड पुसण्याचा. ध्वनि सारखा म्हणून नातें जोडणें हा शब्दशोधकाला नेहमींचा मोह आहे.

रायगडच्या किनाऱ्याशीं मात्र ‘रमेज’चें खरें नातें निघतें. पोर्तुगीज भाषेंत ‘अर्रुमार’ हा त्याचाच सगा, व आजहि त्याचा अर्थ नीटनेटकें लावणें असा आहे. चौलजवळ रेवदंड्यास निजामशहाच्या परवानगीनें १५२१ सालीं पोर्तुगीजांनीं ठाणें घातलें. तें १७४० च्या तहानें मराठ्यांकडे आलें. इतकीं वर्षें ज्या बंदरांत त्यांचीं जहाजें भरलीं, तेथें हा शब्द ऐकूं आला नसेल असें म्हणवत नाहीं. याच पोर्तुगीजांनीं ‘कार्ताज’ नांवाचा परवाना काढला होता. तो नसलेलें जहाज ते लुटीचें समजत. पुढें कुलाब्याच्या कान्होजी आंग्रे सरखेलांनीं आपलें दस्तक घेण्याची सक्ती केली, तेव्हां मुंबईकर इंग्रजांनीं त्यांस चांचे ठरविलें. परवाना पोर्तुगीजांचा तर कायदा आणि आंग्र्यांचा तर चांचेगिरी, हा न्याय अजबच! मुळांत जहाज थांबवून तपासण्याचा हक्क कोणाचा, हा समुद्राच्या धनीपणाचाच प्रश्न होता. १७२९ सालीं कान्होजी वारले, तोंवर इंग्रजांना त्याचें उत्तर आपल्या बाजूनें लावतां आलें नाहीं.

हक्क असून तो न बजावल्यास काय होतें, तेंहि याच किनाऱ्यानें पाहिलें आहे. १९९३ च्या जानेवारींत दिघी येथें आणि फेब्रुवारींत श्रीवर्धनजवळच्या शेखाडी येथें चोरून शस्त्रें व स्फोटकें उतरविण्यांत आलीं. दिघीचा माल गोंडघर फाट्यावर पोलिसांनीं अडविला होता. पैशांच्या बोलीवर तो पुढें जाऊं दिला. त्या वर्षीं १२ मार्च रोजीं मुंबईंत स्फोट झाले, २५७ माणसें मेलीं. खटल्यांत विशेष न्यायालयानें ज्यांना दोषी ठरविलें, त्यांत पोलिसांप्रमाणेंच कस्टम्सचेहि अधिकारी होते. झडतीचा अधिकार ज्यांच्या हातीं कायद्यानें दिला होता, तेच हे लोक. मार्च २०१३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें खटल्याचा अखेरचा निकाल दिला.

स्फोटांनंतर एप्रिल १९९३ पासून नौदल, तटरक्षक दल व कस्टम्स यांची संयुक्त गस्त महाराष्ट्र व गुजरातच्या किनाऱ्यावर सुरू झाली, आणि मासळीचे मचवे भर समुद्रांत थांबवून त्यांचीं पोटें उपसलीं जाऊं लागलीं.