फ्लाय-बांधणी

गरीच्या दांड्यावर पिसे, केस, लोकर, जर वगैरे दोऱ्याने आवळून कृत्रिम आमिष तयार करण्याची हस्तकला. कीटक, लहान मासे किंवा कोळंबीचा भास निर्माण करणाऱ्या या आमिषाला फ्लाय म्हणतात. फ्लाय फार हलकी असल्याने ती स्वतःच्या वजनावर दूर जात नाही; काठीने वजनदार दोरी फेकली जाते आणि फ्लाय तिच्यामागून जाते.

रोहा परिसर : भिरा वीजगृहातून सोडलेले पाणी कुंडलिका नदीला मिळते. कोलाड, रोहा असा प्रवास करून नदी रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. खाडीतले जिताडा आणि तांबोशी हे शिकारी मासे लहान मासळी व कोळंबीवर जगतात. त्यामुळे येथे गरवायला शिकणाऱ्याने कीटकांच्या नाजूक नकलांपेक्षा मासळी व कोळंबीच्या नकला आधी बांधाव्यात.

साहित्य : गरी घट्ट धरणारा छोटा शिकंजा, धारदार कात्री, मजबूत दोरा व शेवटच्या गाठीवर लावायला रंगहीन नेलपॉलिश. गावठी कोंबड्याच्या मानेची पिसे, बोकडाचे केस, विणकामाची लोकर आणि जर एवढ्यावर काम भागते. वन्य प्राण्यांचे केस वा पिसे वापरू नयेत.

सोपे नमुने : (१) वुली बगर. अमेरिकेतील रसेल ब्लेसिंग यांनी 1967 मध्ये तयार केलेला नमुना. पिसाच्या बुडाशी असलेल्या मऊ लवीची दांड्याएवढी शेपटी बांधावी, दांड्यावर लोकर गुंडाळावी आणि तिच्यावरून मानेचे पीस विरळ वेढ्यांनी पुढे आणावे. दोरा सारख्या ताणाने धरण्याचा सराव यावर उत्तम होतो.

(२) क्रेझी चार्ली. बॉब नॉहाइम यांनी 1977 मध्ये बहामा बेटांवर घडवलेली छोट्या कोळंबीची नक्कल. किचेनच्या मणीसाखळीतले दोन जोडमणी हे डोळे, जरीवर गुंडाळलेली पारदर्शक तंगूस हे अंग आणि गरीच्या टोकाच्या बाजूला केसांची विरळ बट.

(३) क्लाउझर मिनो. बॉब क्लाउझर यांचा 1987 च्या सुमाराचा नमुना. जिताड्यासाठी हाच मुख्य. गरीच्या डोळ्यापासून दांड्याच्या एक-तृतीयांश अंतरावर, दांड्याच्या वरच्या बाजूस जड धातूचे डोळे फुलीच्या वेढ्यांनी पक्के करावेत आणि त्याच बाजूला पांढरे केस बांधावेत. मग गरी उलटी करून दुसऱ्या बाजूला थोडी जर व रंगीत केस बसवावेत. डोळ्यांच्या वजनाने फ्लाय पाण्यात उलटी होते, टोक वर राहते आणि तिवरांच्या मुळांत ती कमी अडकते.

नेहमीच्या चुका : केस जास्त घेतल्यास फ्लाय पाण्यात हलत नाही; बोटांच्या चिमटीतून आरपार उजेड दिसेल इतकीच बट घ्यावी. गरीच्या डोळ्यामागे थोडी जागा मोकळी न ठेवल्यास शेवटची गाठ बसत नाही आणि दोन-चार फेकींत सगळे सुटून येते.

जबाबदारी : जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, त्यामुळे मोठे जिताडे बहुतेक माद्याच असतात आणि पुढची पिढी त्यांच्यावर अवलंबून असते. म्हणून फ्लाय बांधायला घेण्यापूर्वीच गरीचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा आणि मोठा जिताडा लागला, तर तो जिवंत पाण्यात सोडावा.