वाणीचा अभ्यासक आणि बासरचे विद्यापीठ

नांदेडहून गोदावरीच्या प्रवाहाबरोबर खाली गेले, म्हणजे बासर लागते. १९५६ पर्यंत मराठवाडा व बासर एकाच हैदराबाद राज्यात होती. पुढे हे गाव आंध्रात व २०१४ पासून तेलंगणात गेले, तरी तेथील सरस्वतीच्या देवळात लेकराच्या हातून पहिले अक्षर गिरवून घेण्याची मराठी कुटुंबांची चाल मोडलेली नाही. अशा या गावी २००८ साली राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाचे एक संकुल उभे राहिले. त्याचे पहिले कुलपती प्रा. राज रेड्डी यांची हयात यंत्राला मनुष्यवाणी उमजविण्यात खर्ची पडली होती.

रेड्डी यांचा जन्म १९३७ साली चित्तूर जिल्ह्यातील कातूर या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी झाला. कॉलेजात जाणारे ते घराण्यातील पहिलेच. मद्रासजवळच्या गिंडी येथून १९५८ साली ते इंजिनिअर झाले, आणि ऑस्ट्रेलियामार्गे अमेरिकेस जाऊन १९६६ साली त्यांनी स्टॅनफर्डची डॉक्टरेट मिळविली. १९६९ पासून कार्नेगी मेलन हीच त्यांची कर्मभूमी ठरली.

लिहिताना आपण शब्दांत अंतर ठेवतो. बोलताना तसे ठेवत नाही. शिवाय प्रत्येकाचा उच्चार निराळा. मग यंत्राने शब्द तोडावा कोठे? रेड्डी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'हिअरसे' या रचनेने त्यावर एक युक्ती योजिली. ध्वनी, शब्द व वाक्य यांचे निरनिराळे जाणकार आपापला तर्क जणू एकाच फळ्यावर मांडीत, आणि एकमेकांचे तर्क ताडून पाहून अर्थ लावीत. १९७६ साली त्याच विद्यापीठातील 'हार्पी' ही रचना १,०११ शब्द ओळखू लागली.

पुढे काय-फू ली या विद्यार्थ्याने वेगळी वाट धरली. तज्ज्ञांनी घालून दिलेल्या नियमांऐवजी बोलण्याच्या पुष्कळ नमुन्यांवरून संख्याशास्त्राने निर्णय करावा, असे त्याचे म्हणणे होते. गुरूंना ते पटले नाही. तरीही विरोध न करता त्यांनी शिष्याला साधने व पाठबळ दिले. त्यातून १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस 'स्फिंक्स' निर्माण झाले. कोणाही वक्त्याचे सलग बोलणे त्याला ओळखता येई. त्यात शिष्याचा पक्ष खरा ठरला, आणि गुरूचा मोठेपणाही दिसून आला. १९९४ साली रेड्डी यांना एडवर्ड फायगेनबॉम यांच्यासह ट्युरिंग पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले आशियाई होत. २००१ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले.

बासरच्या योजनेचे मर्म याच वृत्तीत आहे. दहावी झालेल्या, बहुतांशी खेड्यांतील मुलामुलींना तेथे सहा वर्षे ठेवून घेतात. पहिली दोन वर्षे पूर्वतयारीची, पुढची चार इंजिनिअरिंगची. शहरातील मुलांना महागड्या शिकवण्या लाभतात, खेड्यातील मुलाला त्या परवडत नाहीत. म्हणून वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षीच त्याला हाती धरावयाचे, हा त्यामागील विचार. इमारती व यंत्रे पैशाने उभारता येतात. परंतु आपल्याला न पटणारा विचार मांडणाऱ्या विद्यार्थ्याच्या पाठीशी उभा राहील असा शिक्षक पैशाने मिळत नाही, आणि कोणत्याही विद्यापीठाचे बरेवाईट अखेर त्याच्यावरच ठरते.