तीक्ष्ण, भद्र, मंद

द्वाड, नाठाळ, अडेल, बुजरा. घोड्याच्या स्वभावासाठी मराठीत शब्दांची टंचाई नाही. पण यातला जवळजवळ प्रत्येक शब्द स्वाराच्या तोंडचा आहे आणि दोष घोड्याच्या पदरात टाकणारा आहे. ड्रेसेजचा इतिहास मी वाचत गेलो तो एका प्रश्नापायी: घोडा ऐकत नाही, तेव्हा चूक कोणाची?

ड्रेसेज म्हणजे घोड्याला अतिशय बारीक इशाऱ्यांवर चालायला शिकवण्याची कला. 60 बाय 20 मीटरच्या रिंगणात घोडा तिरका चालतो, गिरकी घेतो, जागच्या जागी दुडकतो. स्वाराची हालचाल मात्र दिसता कामा नये. अशा कामात घोड्याचा स्वभाव लपून राहत नाही.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अथेन्सच्या झेनोफनने घोडेस्वारीवर एक छोटे पुस्तक लिहिले. माणसात जसा राग, तशी घोड्यात उसळी असते, असे तो सांगतो. माणसाला डिवचले नाही तर तो शांत राहतो. तापट घोड्याचेही तसेच. त्याच्यावर हलकेच बसावे, वेग सावकाश वाढवावा, एकाएकी इशारा करू नये. रागाच्या भरात तर घोड्याजवळ जाऊच नये. सक्तीने करवून घेतलेली चाल त्याला चाबकाच्या धाकाने नाचवलेल्या नर्तकासारखी कुरूप वाटे.

आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षावर एक प्रकरण आहे. घोडा तीक्ष्ण, भद्र की मंद हे पाहून त्याला युद्धाचे किंवा स्वारीचे काम द्यावे, असे तिथे म्हटले आहे. स्वारीच्या घोड्याच्या चालीही पाच सांगितल्या आहेत: वल्गन, नीचैर्गत, लंघन, धोरण आणि नारोष्ट्र. यातले नारोष्ट्र म्हणजे इशाऱ्याला दिलेला प्रतिसाद. उड्या आणि दौडींच्या पंक्तीत इशारा ओळखण्याला जागा देणाऱ्या त्या शास्त्रकाराचे मला कौतुक वाटते. पण त्याची नजर कारभाऱ्याची आहे. तो स्वभाव पाहून काम वाटून देतो. वाट्याला आलेल्या स्वभावाशी कसे वागावे, हा झेनोफनचा प्रश्न आहे, आणि ड्रेसेज त्यातूनच वाढले.

1733 मध्ये फ्रान्समध्ये ला गेरिनिएरचा अश्वविद्येवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. घोड्याच्या असहकाराची कारणे त्याने दोन भागांत मांडली. बाहेरची, म्हणजे शरीराची कमजोरी; आणि आतली, म्हणजे भित्रेपणा, कचखाऊपणा, आळस, उतावीळपणा, राग, खोडसाळपणा. ही वाटणी मला फार मोलाची वाटते. कंबर दुखणारा घोडाही हट्टी दिसतो. स्वभावाला नाव ठेवण्याआधी त्याचे अंग तपासावे, हे त्यातून ओघाने येते.

फ्रान्सुआ बोशे याच्याही पुढे गेला. 1842 च्या पुस्तकात त्याने प्रतिकाराचे मूळ शरीराच्या ताठरपणात शोधले: जबडा आणि मान सैल झाली की मनही वळते. अवघड मानला गेलेला पार्टिझान हा थरोब्रेड घोडा त्याने पॅरिसच्या सर्कशीत डौलात चालवून दाखवला. या पद्धतीने घोड्याची पुढे झेपावण्याची ओढच मरते, असा विरोधकांचा आक्षेप होता. 1855 मध्ये सर्कशीतले झुंबर कोसळून बोशे जायबंदी झाला. त्यानंतरची त्याची पद्धत बरीच मऊ आहे. लगाम आणि टाच एकाच वेळी वापरू नये, असे तो सांगू लागला.

यातले तत्त्व आजही रोजच्या सरावात दिसते. तापट घोड्यावर स्वार भीतीने पाय दूर धरतो. मग पाय लागताच घोडा दचकतो. त्याला त्या स्पर्शाची शांतपणे सवय करावी लागते. मंद घोड्याला सारख्या टाचा मारल्या तर तो बधिर होतो. त्याला एकच स्पष्ट इशारा द्यायचा आणि प्रतिसाद मिळताच पाय सैल सोडायचा. दोन्हीकडे आधी बदलतो तो स्वार.

डेन्मार्कची लिस हार्टेल याचे मोठे उदाहरण आहे. 1944 मध्ये पोलिओ होऊन तिचे पाय गुडघ्याखाली लुळे पडले. घोडीवर बसायलाही मदत लागे. तरी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ज्युबिली या घोडीवर तिने रौप्यपदक मिळवले. महिलांना या खेळात प्रथमच प्रवेश मिळाला होता. टाचेचा धाक तिच्याकडे नव्हताच. पाठ आणि वजन यांच्या भाषेतच तिला बोलावे लागले, आणि घोडीला ती भाषा कळली.

2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतीय संघाने ड्रेसेजचे सुवर्ण जिंकले. आता आपल्याकडेही हा खेळ शिकणारे वाढतील, तेव्हा जुना प्रश्न पुन्हा येईल. एकदा 'बिघडलेला' असा शिक्का बसला की घोडा या हातातून त्या हातात विकला जातो, आणि प्रत्येक नवा स्वार लगाम आवळूनच वर चढतो. घोडा शिकवणाऱ्याला मराठीत चाबूकस्वार म्हणतात. या शब्दातही चाबूकच आधी येतो. म्हणून मला कौटिल्याचे तीन शब्द जवळचे वाटतात. तीक्ष्ण, भद्र, मंद या शब्दांत घोड्याचे वर्णन आहे, त्याच्यावर आरोप नाही. शिकवायला सुरुवात तिथूनच करता येते.