धनको मालक, ऋणको क्लब

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील माणसाला कर्ज म्हणजे काय हे पुस्तकातून शिकविण्याची आवश्यकता कधी पडली नाही. विवाहासाठी जमीनदाराकडून अगर सावकाराकडून थोडी रक्कम उचलावी, आणि तिच्या फेडीसाठी नवऱ्याने, व पुष्कळदा त्याच्यामागे आलेल्या नवरीनेही, धनकोच्या खाचरात आणि घरात वर्षानुवर्षे राबावे, ही लग्नगड्याची पद्धती ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उघडपणे नांदत होती. तीत व्याजाची आकारणी जबर असे हे खरे. परंतु तिचा मुख्य जुलूम व्याजात नव्हता. खाते एकाच पक्षाच्या हाती असे, मुद्दल किती, वसूल किती आणि बाकी किती हे तोच सांगे, आणि फेड पुरी झाली की नाही हा निवाडाही तोच करी, यात तो जुलूम होता. ज्याच्या श्रमावर व्यवहार चालला होता, त्याला आपले खाते पाहण्याचा अधिकारच नव्हता.

कायद्याने ही गोष्ट ओळखली ती सावकाशीने. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांच्या विरुद्ध दंगा उसळला आणि तो आसपासच्या मुलखात पसरला. त्याच्या चौकशीतून १८७९ चा दख्खन शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा निघाला. आरंभी तो पुणे, सातारा, नगर व सोलापूर या चार जिल्ह्यांपुरता होता, ठाणे त्यात नव्हते. तरीही त्यातील एका तत्त्वाचे महत्त्व सर्व काळास पुरणारे आहे. कर्जरोख्यावर काय लिहिले आहे एवढ्यावर न थांबता, न्यायाधीशाने त्या रोख्याच्या पाठीमागे जावे, व्यवहाराचा अगदी पहिल्या उचलीपासूनचा इतिहास तपासावा, आणि मग काय ते देणे ठरवावे, असे तो कायदा सांगत होता. पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातील आदिवासींच्या स्थितीविषयी अहवाल दिला. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने सावकारास परवाना, रोजकीर्द आणि खातेवही सक्तीची केली, व ऋणकोला त्याच्या खात्याचा उतारा देण्याचे बंधन घातले. १९७६ च्या अधिनियमाने वेठबिगारीच अवैध ठरविली. कागदावरील कायदा आणि डोंगरातील वहिवाट यांच्यामधले अंतर तुटावयास आणखी पुष्कळ चळवळी व्हाव्या लागल्या, तो इतिहास येथे सांगत नाही.

हा ऋणानुबंधांचा इतिहास मनात ठेवून मी मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक फुटबॉल क्लबांच्या जमाखर्चाकडे पाहतो. शहापूर तालुक्यातील खर्डीच्या भातशेतीचा आणि मुंबईतील कूपरेज मैदानाच्या हिरवळीचा काय संबंध, असे कोणी विचारील. आर्थिक नियमनाने दस्ताचे केवळ बाह्य रूप तपासावे की त्याच्या पाठीमागे जावे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. आणि फुटबॉलच्या बाबतीत महाराष्ट्राने त्याचे जे उत्तर दिले, त्याची किंमत आमच्या तरुण खेळाडूंनी मोजली आहे.

मुंबईचा फुटबॉल जुना. रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ साली सुरू झाली, आणि तिचे आरंभीचे विजेते गोऱ्या पलटणींचे संघ होते. स्वातंत्र्यानंतर या शहराने क्लबाची स्वतःची अशी एक रीत घडविली. कलकत्त्याचा क्लब हा सभासदांचा आणि अनुयायांचा, गोव्याचा क्लब बहुधा एखाद्या व्यापारी घराण्याचा, तर मुंबईचा संघ एखाद्या आस्थापनेचा: काल्टेक्स, टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, रेल्वे, बँका, एअर इंडिया. काल्टेक्सने तर १९५८ साली रोव्हर्स चषकच जिंकला. अशा संघातील खेळाडूचे नाव पुष्कळदा कचेरीच्या हजेरीपटावर असे. सकाळी सराव, दुपारी मेज, महिन्याच्या अखेरीस पगार, आणि गुडघा निकामी झाला तरी निवृत्तीपर्यंत चाकरी. या व्यवस्थेत खेळाचा दर्जा सदैव उंच राहिला असे मी म्हणणार नाही; परंतु तिच्यात क्लब नावाची वेगळी कर्जबाजारी व्यक्तीच अस्तित्वात नव्हती. संघाचा खर्च हा आस्थापनेच्या कल्याणखर्चातील एक रकाना होता, आणि संघ मोडला तरी माणसाची भाकरी सहसा मोडत नसे.

त्या काळी इंग्लंडमध्ये, जेथे क्लब ही स्वतंत्र कंपनी होती, तेथील चित्र अगदी भिन्न होते. तेथील संघटनेने क्लबांच्या भागधारकांना मिळणाऱ्या नफ्यावर मर्यादा घातली होती, आणि संचालकांना वेतन घेता येत नसे. खेळ हा लोकांचा ठेवा आहे, तो धंदेवाल्याच्या हाती जाऊ नये, ही त्यामागील भावना आदरणीयच होती. पण त्याच व्यवस्थेत खेळाडूच्या वेतनालाही कमाल मर्यादा होती, जी १९६१ साली उठली तेव्हा आठवड्यास वीस पौंड होती; आणि करार संपल्यावरही क्लबाने मोकळे केल्याखेरीज खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे. जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूने न्यूकॅसल क्लबाविरुद्ध फिर्याद केली, आणि १९६३ साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ती पद्धती व्यवसायाच्या स्वातंत्र्यावरील अवाजवी बंधन ठरविली. लग्नगड्याच्या दैन्याशी या खेळाडूची बरोबरी करणे हा त्या गड्याचाच अपमान होईल. तरी एवढे साम्य दृष्टीआड करता येत नाही, की मुदत संपल्यावरही मोकळीक देण्याचा अधिकार ज्याचा त्यात लाभ आहे त्याच्याच हाती होता, आणि न्यायालय कराराच्या अक्षरांपाशी न थांबता त्याच्या पाठीमागे गेले तेव्हाच ती गाठ सुटली.

जर्मनीने १९६३ साली बुंडेसलिगा स्थापन केली, आणि आरंभापासून क्लबांना खेळण्याचा परवाना आर्थिक क्षमता पाहून देण्याची पद्धत ठेवली. इंग्लंडने दूरचित्रवाणीचा पैसा येईपर्यंत व आल्यावरही दीर्घकाळ असे काही केले नाही. लीड्स युनायटेड हा बलाढ्य क्लब भविष्यातील यशाच्या भरवशावर कर्ज काढीत गेला आणि २००४ साली अव्वल श्रेणीतून खाली घसरला. २००८ साली एफ. ए. चषक जिंकणारा पोर्ट्‌समथ २०१० साली दिवाळखोरीच्या प्रशासकाच्या हाती गेला, तेव्हा खेळाच्या नियमानुसार खेळाडूंचे आणि इतर क्लबांचे देणे प्रथम, आणि सरकारी कर व गावातल्या लहान व्यापाऱ्यांचे देणे मागाहून, असा क्रम लागला. त्यानंतर युरोपच्या फुटबॉल संघटनेने मिळकतीपेक्षा खर्च फार होऊ नये असा नियम आणला, इंग्लंडच्या प्रीमियर लीगने तीन वर्षांत १०५ दशलक्ष पौंडांहून अधिक तोटा दाखविणारा क्लब दंडास पात्र ठरविला, आणि २०२३-२४ च्या हंगामात एव्हर्टन व नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचे गुण खरोखरच कापले गेले.

आपल्याकडे हे वारे आशियाई फुटबॉल संघटनेच्या परवाना-नियमांच्या रूपाने आले. क्लब ही कायद्याने स्वतंत्र संस्था असावी, तिचे हिशेब तपासलेले असावेत, पगाराची थकबाकी नसावी, मैदान असावे, कुमारांचे संघ असावेत, अशा त्यातील अटी आहेत, आणि त्यांतील एकही अट स्वतःमध्ये अयोग्य नाही. परंतु त्यांची अंमलबजावणी होताना काय घडले ते पाहावे. एअर इंडिया आणि ओएनजीसी हे मुंबईचे दोन संघ तेव्हा सरकारी आस्थापनांचे होते. त्यांची घडण नव्या नमुन्यात बसेना. २०१३ साली परवान्याच्या अटी पुऱ्या न केल्यामुळे त्यांना आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर काढण्यात आले. त्यापूर्वीच, २०१० साली, महिंद्र युनायटेड हा १९६२ पासून चालत आलेला आणि २००५-०६ चे राष्ट्रीय विजेतेपद मिळविलेला संघ कंपनीने आपण होऊन बंद केला होता. तेव्हा कोणाचे कर्ज थकले नव्हते. कंपनीने आपले धोरण बदलले, इतकेच. एवढ्या मोठ्या संघाचे अस्तित्व एका ठरावावर अवलंबून होते, याची नोंद त्या वेळी गांभीर्याने कोणी घेतली असती, तर पुढील दशक कदाचित निराळे झाले असते.

ते दशक पुण्याचे होते. २००७ साली पिरामल समूहाने पुणे एफसी स्थापन केला. त्याने २०१२-१३ मध्ये आय-लीगचे उपविजेतेपद मिळविले, उत्तम अकादमी उभारली, आणि २०१५ साली तो बंद झाला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजीयन्स हा एका बांधकाम-व्यावसायिकाच्या आश्रयाने वर आलेला क्लब, ज्याच्या जोडीला लिव्हरपूल क्लबाच्या नावाची अकादमीही होती, आश्रयदात्याच्या उद्योगावर आर्थिक संकट येताच २०१७ साली मावळला. राहिला एफसी पुणे सिटी, इंडियन सुपर लीगच्या पहिल्या हंगामापासूनचा, वाधवान समूहाचा. तो २०१९ साली संपुष्टात आला आणि लीगमधील त्याची जागा हैदराबादकडे गेली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेने या समूहाच्या दिवाण हाउसिंग फायनान्स या कंपनीचे संचालक मंडळ बरखास्त करून तिला दिवाळखोरीच्या प्रक्रियेत नेले. हैदराबादला गेलेल्या क्लबाच्या बाबतीतही पुढे थकीत वेतनाच्या तक्रारी फिफापर्यंत पोहोचल्या. बारा वर्षांच्या अवधीत एका शहरातून चार क्लब नाहीसे झाले, आणि बालेवाडीच्या क्रीडासंकुलातील प्रेक्षकाला दर दोन-तीन वर्षांनी नव्या रंगाचा सदरा विकत घेण्याचा प्रसंग आला.

या चारांपैकी बहुतेकांचे कागद परवान्याच्या अर्थाने जागच्या जागी होते. कंपनी नोंदविलेली होती, हिशेबतपासनीस नेमलेला होता, प्रशिक्षकाजवळ प्रमाणपत्र होते. जे कागदावर नव्हते ते असे, की क्लबाच्या खर्चाचा फार मोठा भाग प्रेक्षकांच्या तिकिटांतून किंवा प्रक्षेपणाच्या हक्कांतून येत नव्हता. तो मालकाच्या दुसऱ्या उद्योगातून येत होता, आणि तो उद्योग बहुधा स्वतःच कर्जावर उभा होता. लेखापद्धतीच्या भाषेत याला भांडवल म्हणोत की मालकाची उचल म्हणोत, व्यवहारात क्लब हा त्या एका माणसाचा ऋणको होता. फेडीची मुदत नाही, तारण नाही, दस्त नाही. मालकाची मर्जी हीच मुदत. १८७९ च्या कायद्याने न्यायाधीशाला जे करावयास सांगितले, म्हणजे पहिल्या उचलीपर्यंत मागे जाऊन पैशाचा उगम पाहावयास, ते आमच्या परवाना देणाऱ्यांनी केले असते, तर पुण्याच्या मैदानात येणारा पैसा घरबांधणीच्या आणि गृहकर्जाच्या बाजारातून येत आहे, आणि तो बाजार खचला की मैदानही खचणार, हे त्यांना दिसल्यावाचून राहिले नसते.

आणि खेळाडूचे काय? खर्डी, आटगाव, कसारा इकडून सकाळची लोकल धरून सरावाला जाणाऱ्या मुलाला क्लबाने करार दिला, तर तो कराराच्या आकड्याकडे पाहतो. त्या आकड्यामागे किती महिन्यांचा पैसा बाजूला ठेवला आहे हे त्याला कोणी सांगत नाही. १९४६ च्या कायद्याने निरक्षर ऋणकोलाही खात्याचा उतारा मिळण्याचा अधिकार दिला. व्यावसायिक खेळाडूला आपल्या क्लबाचा ताळेबंद, त्याला समजेल अशा भाषेत, दर हंगामाच्या आरंभी हातात पडलाच पाहिजे, आणि निदान एका हंगामाच्या वेतनाइतकी रक्कम मालकाने बँकेत तारण म्हणून ठेवलीच पाहिजे, हे माझे स्पष्ट मत आहे. त्यामुळे चार धनिक मैदानाकडे फिरकणार नाहीत असा आक्षेप घेतला जातो. जे एका वर्षाचे वेतन आगाऊ ठेवू शकत नाहीत त्यांनी न फिरकणेच खेळाच्या हिताचे आहे.

गोव्याचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे. धेंपो आणि साळगावकर ही खाणीच्या व्यवसायात वाढलेली घराणी, त्यांचे क्लब दशकानुदशके चाललेले. धेंपो क्लबाने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद घेतले. २०१६ साली हे दोन्ही क्लब आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा आय-लीगमधून बाहेर पडले, ते पैसा आटला म्हणून नव्हे, तर इंडियन सुपर लीगला अव्वल स्थान देण्याच्या अखिल भारतीय फुटबॉल संघटनेच्या प्रस्तावामुळे. म्हणजे मालक टिकाऊ असला तरी नियम करणाराच पायाखालची जमीन हलवितो, तेव्हा क्लब राष्ट्रीय स्पर्धेत उरत नाही.

कोल्हापुरात मात्र पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे संघ पेठेच्या आधाराने उभे आहेत, आणि शाहू स्टेडियमवरची गर्दी कोणाही समूहाच्या ताळेबंदावर अवलंबून नाही. त्या खेळाची आर्थिक झेप मर्यादित आहे, आणि तालमींमधील चुरस कधी कधी मैदानाबाहेर जाते, हेही खरे. परंतु तेथे क्लबाचा मालक म्हणून एकाच माणसाकडे बोट दाखविता येत नाही, आणि म्हणून एका माणसाच्या उठून जाण्याने तालीम बंद पडत नाही.

राष्ट्रीय पातळीवर हीच एकाश्रयी रचना सबंध लीगलाच लागू झाली. अखिल भारतीय फुटबॉल संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये आपले व्यापारी हक्क एका खाजगी भागीदाराकडे पंधरा वर्षांसाठी, ७०० कोटी रुपयांच्या करारावर सोपविले. करार संपत आला, नव्याची बोलणी पुरी झाली नाहीत, आणि जुलै २०२५ मध्ये भागीदाराने पुढील हंगाम स्थगित असल्याचे क्लबांना कळविले. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने खेळाडूंचे व कर्मचाऱ्यांचे वेतन थांबविल्याचे जाहीर केले. त्याच जुलै महिन्यात इंग्लंडमध्ये फुटबॉल-प्रशासनाच्या विधेयकाला राजमान्यता मिळाली, आणि वरच्या पाच श्रेणींतील प्रत्येक क्लबाला परवाना देणारा, मालकाच्या पैशाचा उगम विचारणारा, आणि अनुयायांशी विचारविनिमय सक्तीचा करणारा स्वतंत्र नियामक कायद्याने अस्तित्वात आला. दिल्लीत क्रीडाविषयक कायद्यांचे मसुदे करणाऱ्यांनी त्या अधिनियमातील मालकाविषयीची कलमे आधी वाचावीत, आणि मग परवान्याचा अर्ज नव्याने लिहावा.