अ‍ॅप नसलेली भाषा मोबाईलवर कशी शिकायची? गोरबोलीचं उदाहरण

इंग्रजी शिकायला अ‍ॅप्सची रांग लागलेली आहे. पण शेजारच्या तांड्यातली भाषा शिकायची असेल तर? मी वाशिम जिल्ह्यात मानोरा तालुक्यात मेडिकलवर काम करतो. तांड्यांवरून येणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना मराठी समजतं, पण दुखणं त्या गोरबोलीतच सांगतात. गोळी जेवणाआधी की नंतर, हे नीट पोचलं नाही तर त्रास त्यांनाच. म्हणून २६व्या वर्षी शिकायला घेतलं. ही पद्धत कोणत्याही छोट्या भाषेला चालते.

गोरबोली म्हणजे काय?
बंजारा समाजाची भाषा. गोरमाटी, लमाणी, लंबाडी ही तिचीच नावं. ती राजस्थानी बोलींच्या जवळची आहे. स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात देवनागरीत, तेलंगणात तेलुगू लिपीत, कर्नाटकात कन्नड लिपीत लिहितात. २०११च्या जनगणनेत लमाणी/लंबाडी बोलणारे सुमारे ३३ लाख लोक हिंदीखाली मोजले गेले. जून २०२४मध्ये गुगल ट्रान्सलेटने ११० नव्या भाषा घेतल्या. त्यात मारवाडी आली, गोरबोली नाही.

१. आधी ३० वाक्यं ठरवा
व्याकरणाच्या मागे लागू नका. रोज लागणारी वाक्यं मराठीत लिहा आणि बोलणाऱ्याला विचारा. ‘तारो नाम कांई?’ म्हणजे तुझं नाव काय. ‘कत’ म्हणजे कुठे, ‘याडी’ म्हणजे आई. मराठीतल्या ‘आहे’च्या जागी ‘छ’ येतं, गुजरातीतल्या ‘छे’सारखं.

२. आवाज रेकॉर्ड करा
मोबाईलचा साधा रेकॉर्डर पुरतो. आधी परवानगी घ्या. एका फाईलमध्ये एकच वाक्य, दोनदा: एकदा सावकाश, एकदा नेहमीच्या वेगाने. मराठी व्हॉइस टायपिंग वापरू नका, ते गोरबोलीचे शब्द ओढूनताणून मराठी करून टाकतं. हाताने टाइप करा. मराठी कीबोर्डमध्ये ‘ळ’सकट लागणारी अक्षरं आहेत.

३. अँकीड्रॉइडमध्ये कार्ड बनवा
हे अँड्रॉइडवर मोफत आहे. कार्डाच्या पुढे आवाज, मागे मराठी अर्थ. आठवलं तर कार्ड उशिरा येतं, विसरलं तर लवकर. रोज ५ नवी कार्डं बास.

४. यूट्यूब हळू करा
‘बंजारा गीत’, ‘गोरबोली’, ‘लंबाडी’ असं वेगवेगळं शोधा. सेटिंगमध्ये वेग ०.७५ ठेवा. तेलंगणातल्या व्हिडिओंत तेलुगू शब्द मिसळलेले असतात. ते आपल्या तांड्यात विचारूनच घ्या.

५. चॅटबॉटवर भरवसा नको
तो मारवाडी, गुजराती मिसळून वाक्य ठोकून देतो, तेही अगदी खात्रीने. औषधाचं वाक्य तर माणसाकडूनच तपासून घ्या.

६. बोला
बंजारा माणूस स्वतःला ‘गोर’ आणि बाहेरच्याला ‘कोर’ म्हणतो. कोराने दोन वाक्यं बोलली की लोक हसतात, मग स्वतःहून सुधारून देतात. आपल्या तालुक्यातल्या पोहरादेवीला रामनवमीची यात्रा भरते, तेव्हा अख्खा दिवस ही भाषा कानावर पडते.

आठ महिन्यांत मला काय जमलं? कुठे दुखतं, कधीपासून, गोळी कधी घ्यायची, एवढं विचारता-सांगता येतं. त्यांचे विनोद अजून डोक्यावरून जातात. पण पूर्वी चिठ्ठी पुढे करून गप्प उभ्या राहणाऱ्या याड्या आता काउंटरवर दोन मिनिटं बोलतात. त्या दोन मिनिटांत कुठली गोळी चालू आहे आणि कुठली त्यांनी मधेच सोडली, ते कळतं.