स्वस्त डोंगलमधील लिनक्स आणि मुक्त फर्मवेअरची वाट

दूरचित्रवाणी संचाच्या एचडीएमआय खाचेत बसणारे आणि मोबाइलच्या पडद्यावरील दृश्य बिनतारी लहरींवरून संचावर उमटविणारे बोटभर लांबीचे उपकरण 'वायरलेस डिस्प्ले डोंगल' या नावाने बाजारात ओळखले जाते. दिसायला ती केवळ एक जोडणी वाटते. वस्तुतः तो एक संपूर्ण संगणक असतो. त्यात प्रोसेसर, स्मृती, वाय-फायची चिप आणि कायमस्वरूपी साठवणीची फ्लॅश असते, आणि अशा बहुतेक उपकरणांत लिनक्सचा गाभा किंवा त्यावर आधारलेले अँड्रॉइड चालत असते. फ्लॅशमध्ये भरून दिलेल्या या आज्ञावलीस फर्मवेअर म्हणतात. उत्पादकाने भरलेले फर्मवेअर काढून त्या जागी उघड्या स्रोतापासून स्वतः बांधलेले लिनक्स बसविणे, हा जगभरातील हौशी तंत्रज्ञांचा उद्योग आहे. तो वाटतो तितका निरुद्योगी नाही.

या डोंगलांना व्यापक चलन मिळाले ते मिराकास्ट या मानकामुळे. वाय-फाय अलायन्सने २०१२ मध्ये त्याचे प्रमाणीकरण सुरू केले. त्यात मोबाइल आणि डोंगल यांची 'वाय-फाय डायरेक्ट' पद्धतीने थेट गाठ पडते. मध्ये राउटर लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या चोपडा तालुक्यातील आदिवासी पाड्यांचा विचार केला, तर या गुणाचे मोल लक्षात येते. जेथे इंटरनेटचा भरवसा नाही, तेथेही शिक्षकाच्या मोबाइलमधील धडा वर्गातील संचावर दाखविता येतो. मात्र मानक जे स्वातंत्र्य देते, ते उत्पादकाचे फर्मवेअर पुष्कळदा काढून घेते. उपकरण प्रथम सुरू करताना विशिष्ट ॲप मागणे, अद्ययावत होण्यासाठी परदेशातील सर्व्हरकडे धाव घेणे आणि तो सर्व्हर बंद पडला की मुके होणे, हे प्रकार या वर्गातील उपकरणांत नवे नाहीत.

मोठ्या नावाच्या उपकरणांचीही यातून सुटका नाही. मार्च २०२५ मध्ये गूगलची दुसऱ्या पिढीतील क्रोमकास्ट उपकरणे एकाएकी चालेनाशी झाली. उपकरणाची ओळख पटविणाऱ्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती, एवढेच कारण. गूगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठविली. पण ती पाठविणारा कोणीतरी शिल्लक होता म्हणून. सुरक्षिततेची गोष्ट आणखी वेगळी. जानेवारी २०१६ मध्ये चेक पॉइंट या संस्थेच्या संशोधकांनी ईझीकास्ट डोंगलमधील उणिवा जाहीर केल्या. त्याच्या वाय-फायला केवळ आठ अंकी संकेतशब्दाचे कुलूप होते आणि एकामागून एक संकेतशब्द लावून पाहणाऱ्यास अडविण्याची सोय नव्हती. फर्मवेअरचा स्रोत हाती नसलेल्या ग्राहकास अशी उणीव कळूनही काही करता येत नाही.

लिनक्सचा गाभा जीपीएल या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली दिला जातो. तो उपकरणात घालून विकणाऱ्याने त्याचा स्रोत, तसेच तो बांधण्यासाठी व बसविण्यासाठी वापरलेल्या स्क्रिप्ट, ग्राहकास उपलब्ध करून देणे बंधनकारक आहे. लिंकसिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स असल्याचे उघड झाल्यावर २००३ मध्ये तिला स्रोत खुला करावा लागला आणि २००४ मध्ये त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. त्याच वर्षी जर्मनीत हाराल्ड वेल्टे यांनी साइटकॉम कंपनीविरुद्ध म्युनिकच्या न्यायालयात दाद मागितली आणि जीपीएल न्यायालयात टिकतो हे दिसून आले. परंतु खोक्यावर धड नावगावही नसलेल्या डोंगलच्या बाबतीत नोटीस पाठवायची कोणाला, हाच पहिला प्रश्न असतो. म्हणून स्रोत मिळत नाही तेथे शोधकाम सुरू होते.

डोंगलचे कवच उघडल्यावर पाटीवर बहुधा तीन-चार मोकळे ठिपके दिसतात. त्यांतील एकावर डोंगलचा संदेश बाहेर पडतो, दुसऱ्यावर बाहेरची आज्ञा आत जाते आणि तिसरा भूमीचा असतो. मल्टिमीटरने ते ओळखून, बारीक तारांना डाग देऊन, ३.३ व्होल्टच्या यूएसबी-सीरियल जोडणीने ते संगणकाला जोडले की उपकरण जागे होताना काय पुटपुटते ते वाचता येते. प्रोसेसर कोणता, स्मृती किती, फ्लॅशचे भाग कसे पाडले आहेत, गाभ्याची आवृत्ती कोणती, हे सारे त्या ओळींतच असते. येथे ५ व्होल्टची जोडणी लावणारा उतावळा पहिल्याच दिवशी चिप जाळून बसण्याचा संभव असतो. त्यानंतर, काहीही बदलण्यापूर्वी, संपूर्ण फ्लॅशची प्रत काढून ठेवणे हा या कामातील अलिखित दंडक आहे. वाय-फायची मापने आणि उपकरणाचा क्रमांक त्या एकाच प्रतीत असतात व हरवल्यास परत मिळत नाहीत.

पुढचे काम बांधणीचे. बिल्डरूटसारख्या साधनाने त्या प्रोसेसरसाठी कंपायलर, गाभा आणि बिझीबॉक्ससारख्या छोट्या आज्ञावलींची मूळ प्रणाली एकत्र बांधता येते आणि ती काही मेगाबाइटांत मावते. पाटीवर कोणता भाग कोठे जोडला आहे याचे वर्णन 'डिव्हाइस ट्री' नावाच्या फाइलीत लिहावे लागते. सगळा वेळ खाणारा भाग हाच. एखादा जोडबिंदू चुकीचा लिहिला, तर वाय-फाय उठत नाही, आणि गाभा त्याबद्दल तक्रारही करीत नाही.

हे काम महाराष्ट्रात कोणी केले, याचे जवळचे उदाहरण पवईच्या आयआयटी मुंबईत सापडते. तेथील उपकरण डोंगल नव्हे, तर 'आकाश' टॅब्लेट होते. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते आकाश-२ चे अनावरण झाले. डेटाविंड कंपनीकडून शासन तो २,२६३ रुपयांना घेणार होते. त्याच्या पोटात ऑलविनर कंपनीची ए१३ ही चिप आणि ५१२ मेगाबाइट स्मृती होती. ए१३ म्हणजे त्याच कंपनीच्या ए१० चिपची एचडीएमआय वगळलेली स्वस्त आवृत्ती. आणि ए१० ही २०१२ मध्येच गाजलेल्या एमके८०२ या टीव्हीच्या खाचेत बसणाऱ्या काडीतील चिप. म्हणजे टॅब्लेट आणि टीव्हीची काडी ही एकाच घराण्यातली सख्खी भावंडे.

आकाश अँड्रॉइडवर चालत असे. डॉ. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली त्यासाठी शैक्षणिक आज्ञावली तयार झाल्या, तर प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखालील 'फॉसी' प्रकल्पाने त्यावर पूर्ण ग्नू/लिनक्स चालवून दाखविले, जेणेकरून विद्यार्थ्यास सायलॅब, पायथन आणि सी या भाषा त्याच स्वस्त उपकरणावर हाताळता याव्यात. युक्ती चिपच्या स्वभावातच होती. ऑलविनरचा प्रोसेसर जागा होताच प्रथम मेमरी कार्डात पाहतो आणि तेथे काही न मिळाल्यासच अंतर्गत फ्लॅशकडे वळतो. त्यामुळे लिनक्स भरलेले कार्ड घातले की लिनक्स, काढले की पूर्ववत अँड्रॉइड. उपकरण निकामी होण्याची धास्ती नाही. 'लिनक्स-सनशी' या स्वयंसेवकांच्या समूहाने ऑलविनरच्या गाभ्यावर केलेले काम हा त्याचा आधार होता.

आकाश योजनेचे पुढे जे झाले ते सर्वश्रुत आहे. पण त्या कामातून निघालेली शिकवण डोंगलला जशीच्या तशी लागू पडत नाही. बहुतेक डोंगलांत कार्डाची खाचच नसते. मग चिपच्या आत कोरलेला, यूएसबीवरून आज्ञा घेणारा बचावमार्ग शोधावा लागतो. ऑलविनरमध्ये त्यास 'फेल', तर रॉकचिपमध्ये 'मास्करॉम' म्हणतात. आणि चिपने केवळ उत्पादकाची सही असलेलेच फर्मवेअर चालवावे अशी गाठ कारखान्यातच मारली असेल, तर सारे कौशल्य तेथे थांबते. २०१३ च्या जुलैमध्ये ३५ डॉलरला आलेल्या पहिल्या क्रोमकास्टच्या बूटलोडरमध्ये काही दिवसांतच त्रुटी सापडली. उपकरणाने आपोआप घेतलेल्या अद्ययावत फर्मवेअरने ती वाटही बुजवून टाकली.

गाभा उठला तरी चित्र दिसतेच असे नाही. मिराकास्टमध्ये दृश्य एच.२६४ पद्धतीने दाबून येते आणि ते उलगडणे एकेरी गाभ्याच्या प्रोसेसरला वेळेत जमत नाही. त्यासाठी चिपमधील वेगळे यंत्रांग चालवावे लागते. ऑलविनरने या यंत्रांगाची आज्ञावली बंद स्वरूपातच दिली होती. ती उलगडण्याचे काम स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे केले, आणि २०१८ मध्ये फ्रान्सच्या बूटलिन कंपनीने लोकवर्गणीतून पैसा उभारल्यावर 'सेड्रस' हा मुक्त चालक मुख्य लिनक्समध्ये आला. माली-४०० या चित्रचिपेचा 'लिमा' हा मुक्त चालक त्यानंतर, २०१९ मध्ये आला. तोवर त्या पिढीतील कित्येक डोंगल कचऱ्यात गेले असतील. मिराकास्टचे चित्र स्वीकारणारी 'मिरॅकलकास्ट' ही मुक्त आज्ञावली मात्र २०१४ पासूनच उपलब्ध आहे. तिला वाय-फायचा चालक थेट जोडणी जाणणारा हवा असतो, आणि स्वस्त चिपांत नेमका तोच लंगडा निघतो.

भारतीय कायदा या उद्योगास सर्वस्वी प्रतिकूल नाही. स्वामित्व हक्क कायदा, १९५७ च्या कलम ५२ मधील एका तरतुदीनुसार, संगणक आज्ञावली कायदेशीररीत्या बाळगणाऱ्यास, स्वतंत्रपणे लिहिलेली दुसरी आज्ञावली तिच्याशी जुळवून चालविण्यापुरती आवश्यक माहिती मिळविता येते. अट एवढीच की ती माहिती अन्यथा सहज उपलब्ध नसावी. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ मात्र हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणाऱ्यास शिक्षा सांगते. चित्रपटांच्या संरक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या एचडीसीपीच्या किल्ल्या म्हणूनच मुक्त फर्मवेअरमध्ये आढळत नाहीत, आणि असे संरक्षण मागणारे चित्रपट त्यावर दिसत नाहीत. शिक्षकाचा धडा, शेतकऱ्याने काढलेली केळीच्या बागेची चित्रफीत किंवा घरच्या लग्नाची छायाचित्रे यांना त्या किल्ल्यांची गरज पडत नाही. राहता राहिला लहरींचा प्रश्न. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात जानेवारी २००५ पासून ठराविक शक्तीच्या मर्यादेत परवान्याविना वापरता येतो. नवे फर्मवेअर बांधताना वाय-फायचा देश 'भारत' असा नोंदविला की गाभा ती मर्यादा स्वतःच पाळतो.